तेरा नंबरची बशी

संक्रांतीला वाण काय द्यायचं, हा प्रश्न डोंबिवलीतल्या बायका मार्गशीर्षातल्या गुरुवारांपासूनच चघळायला घेतात. एव्हाना सगळं देऊन झालेलं असतं. माझ्या माळ्यावर त्याचा इतिहास पडून आहे: चहाच्या गाळण्या, सालकाढण्या, झाकण न बसणारे डबे, तळाला बँकेचं नाव छापलेल्या पिशव्या. संक्रांत ते रथसप्तमी या काळात ही संपत्ती पूर्वेकडून पश्चिमेला, पश्चिमेकडून कल्याणला आणि तिथून एखाद्या जावेमार्फत ठाण्याला फिरत राहते. मी दिलेली एक गाळणी अशीच फिरून माझ्याच ओटीत परत आली होती. ओळखायला वेळ लागला नाही. किमतीचं लेबल मीही काढलं नव्हतं आणि वाटेत कुणीच काढलं नव्हतं.

या खेपेला मी जगावेगळं काही द्यायचं ठरवलं. जगावेगळं करायला वेळ लागतो आणि तो माझ्याकडे होता, कारण विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी नुकतीच घरी बसले होते. आयुष्यभर मी लोकांना त्यांच्या मरणाचे हप्ते पाडून दिले. समोर तक्ता ठेवायचा, वय विचारायचं, सिगारेट ओढता का विचारायचं आणि चहाचा घोट घेता घेता माणूस गेल्यावर बायकोला किती मिळतील ते सांगायचं. त्यामुळे मृत्यू हा शब्द ऐकून समोरचा दचकतो, हे भानच नोकरीत झिजून गेलं असावं. पुढे जे झालं त्याचं कारण हेच, असं आमचे हे म्हणतात. सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते रिकाम्या बाईनं ठाण्याला जाऊ नये.

ठाणे म्हणजे घोडबंदर रोड. तिथे दर दुसऱ्या टॉवरच्या तळमजल्यावर माणसाला शांत करण्याचा काही ना काही वर्ग चालतो: योग, साउंड हीलिंग, मंडला, मेणबत्त्या. स्टेशनवरून मेट्रोच्या खांबांखालून, डंपरच्या मागून, धूळ खात तिथे पोचेपर्यंत शांत होण्याची गरज खरोखरच निर्माण झालेली असते. धंदा कसा जागा बघून टाकावा, ते शिकण्यासारखं आहे. मी त्यातला मातीकामाचा वर्ग निवडला. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मला मॅम म्हणायची आणि माझं काम बघून दर वेळी 'इंटरेस्टिंग' म्हणायची. चाकावर माझा गोळा कधी मधोमध बसला नाही. तो एका बाजूला सरकायचा आणि त्याच्यामागोमाग मी. शेवटी तिनं मला चाकावरून उठवून टेबलापाशी नेलं आणि हातात लाटणं दिलं.

लाटणं म्हटल्यावर मी घरची. माती पोळीसारखी लाटायची, वाटीनं गोल कापायची, साच्यात दाबून कड किंचित उचलायची, की झाली अंगठी-कानातले ठेवायची बशी. पोळीशी नातं तिथेच संपतं. पोळी तव्यावर फुगली तर कौतुक होतं. मातीत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि ती बशी फुटताना शेजारणींनाही घेऊन जाते. शिवाय वाळताना आणि भाजताना मिळून माती दहा-बारा टक्के आकसते, म्हणजे लाटताना मोठी वाटलेली बशी हातात येते तेव्हा बाळाची वाटी झालेली असते. भाजणी दोनदा. पहिली हजार अंशांच्या आसपास. मग रंग आणि चकाकी लावून दुसरी, बाराशेच्या पुढे. भट्टी थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही. या शेवटच्या नियमानं माझा जितका अंत पाहिला तितका नोकरीत ऑडिटनंही पाहिला नव्हता.

मातीवर चित्रं उतरवायची हौस मुंबईला नवी नाही. 1870 च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची कार्यशाळा चालवली, तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याची चित्रं उतरली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यातलं काही बघायला मिळतं. मी मुद्दाम जाऊन आले. इतकं नीटस काम पाहिल्यावर शहाणा माणूस हात आखडता घेतो. मी परतीच्या गाडीत वही काढली.

टॅरो आणला लेकीनं. ती असते बंगळूरला. तिनं एक फोटो पाठवला: देवघरात किंवा ड्रेसिंग टेबलावर ठेवायची इवलीशी सिरॅमिकची बशी, तिच्यावर टॅरोचा चंद्र, आणि खाली 'आई, किती क्यूट!' तिची किंमत वाचली. तेवढ्यात डोंबिवलीत दहा बायकांचं वाण होतं. मी म्हटलं, ही तर मी करीन. आणि एक कशाला, सगळा संच करीन.

टॅरोचे पत्ते 78. त्यातले 22 चित्रांचे, ज्यांना लेक 'मेजर' म्हणते: जादूगार, सम्राज्ञी, रथ, चंद्र, सूर्य वगैरे. उरलेले 56 आपल्या पत्त्यांच्याच जातीचे, फक्त इस्पिक-बदामऐवजी तलवारी, पेले, काठ्या आणि नाणी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा सरळसरळ डाव होता, बड्या घरची मंडळी फावल्या वेळात मांडायची. पुढे 1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी छापून जाहीर केलं की ही प्राचीन इजिप्तची गूढविद्या आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढायलाही कुणी नव्हतं. शाम्पोलियाँनं ती उलगडली 1822 मध्ये. तोवर पत्त्यांची प्रॅक्टिस जोरात चालू होऊन चाळीस वर्षं झाली होती आणि जमलेली प्रॅक्टिस कोण सोडतं? आज सगळीकडे दिसतात ती चित्रं 1909 ची, लंडनला पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलेली. संच मात्र ओळखला जातो तो रायडर या प्रकाशकाच्या आणि आराखडा ठरवणाऱ्या वेट यांच्या नावानं. काम ढीगभर आणि पैसे चिमूटभर, असं तिनं छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला पत्रात कळवलं होतं. हे वाचल्यावर मला ती एकदम जवळची वाटली. माझी एकही बशी अजून तयार नव्हती, पण पैशांचा भाग कळून चुकला होता. माती, रंग, दोन भाजण्या आणि भाडंतोडं धरून एक बशी मला दोनशेच्या वर पडत होती, आणि मी ती फुकट वाटणार होते.

सासूबाई सावंतवाडीकडच्या. त्यांनी लेकीचा पत्त्यांचा संच चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "गंजिफे गोल असतत गो. हे चौकोनी कसले?" त्यांचं खरं होतं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, आणि सगळे गोल, म्हणजे बशीसाठीच जन्मलेले. मत्स्य, कूर्म, वराह वाटले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण गंजिफ्याला इजिप्तची विद्या म्हणणारा कुणी भेटला नाही, म्हणून घोडबंदर रोडवर दशावतारी रीडिंगची पाटी दिसत नाही आणि लेकीला वराह क्यूट वाटत नाही. सासूबाईंचा दुसरा आक्षेप देवघराचा. चिनीमाती लोणच्याला ठीक, देवापुढे तांब्या-पितळेचंच हवं. तिसरा आक्षेप सगळ्यात अडचणीचा. "कौल लावूक देव लागता, गुरव लागता. तुझो गुरव कोण?" मी म्हटलं, "आई, हा कौल नाही. नुसती चित्रं आहेत." त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचा चष्मा काढून ठेवणं हे आमच्याकडे वादाचं शेवटचं वाक्य असतं.

आता चित्रं. मला चित्रकला येत नाही हे मला माहीत होतं, पण ती इतकी येत नाही हे माहीत नव्हतं. कच्च्या भाजलेल्या मातीवर रंगाचा ब्रश टेकला की माती तो शोषून घेते. खोडरबर नाही, दुसरा हात नाही, जी रेघ गेली ती गेली. माझा सम्राट पोस्टातल्या निवृत्त कारकुनाच्या अंगानं गेला. प्रेमी युगुल मूळ चित्रात वस्त्रहीन आहे, वर देवदूत. हळदीकुंकवाला ते चालणार नव्हतं, म्हणून बाईला नऊवारी आणि पुरुषाला पायजमा दिला, तर देवदूत आपोआप भटजी झाला. मनोऱ्याच्या पत्त्यावर उंच दगडी बुरूज असतो, त्यावर वीज कोसळते, वरचा मुकुट उडतो आणि दोन माणसं डोक्यावर खाली पडतात. बुरूज मी कधी काढला नव्हता. चार मजले काढले, प्रत्येक मजल्याला खिडकी काढली, खिडकी ओकीबोकी वाटली म्हणून ग्रिल काढलं. मुकुट नीट जमला नाही, त्याला मी उभ्या रेघा मारून काळा केला. शिकवणारी मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इंटरेस्टिंग."

शून्य नंबरचा, कड्याच्या टोकावर निघालेला वेडा मी स्वतःसाठी राखून ठेवला असेल, असा कुणाचा तर्क असेल तर तो चूक आहे. तो दुसऱ्या भाजणीत फुटला आणि संन्याशाच्या कंदिलात घुसला.

हळदीकुंकू ठरलं. बशा टिश्यू पेपरात गुंडाळून परडीत ठेवायच्या आणि प्रत्येकीनं हात घालून एक काढायची, ही कल्पना लेकीची. तेरा नंबरचा मृत्यू तेवढा मी बाजूला काढून कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. फोनवर लेक म्हणाली, "आई, डेथ म्हणजे मरण नसतं, ट्रान्सफॉर्मेशन असतं." पण ट्रान्सफॉर्मेशन हळदीकुंकवात कुठे समजावत बसायचं? बाकीच्यांचं काय बिघडतंय, इथे टॅरो कळतंय कुणाला, असा माझा हिशेब. बी विंगमधली एक सून दुपारी मुलाला झोपवून ऑनलाइन टॅरो रीडिंग करते, हे मला ठाऊक नव्हतं.

बायका आल्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं, हरभरे झाले. परडीतून एकेक बशी निघायला लागली आणि पहिला अर्धा तास दृष्ट लागण्यासारखा गेला. सूर्य निघाला, तारा निघाला, नऊवारीतलं युगुल नव्या नवरीला निघालं आणि सगळ्यांनी तिला चिडवून घेतलं. मग चेअरमनच्या मिसेसनी परडीत हात घातला.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली, गच्चीवर काळी सिंटेक्सची टाकी. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ती सी-2बी निघाली आहे. धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करा. डोंबिवलीत ज्यांची इमारत सी-2बी आहे ते सी-1 वाल्यांच्या बातम्या वाचून सुस्कारा सोडतात आणि मग गुपचूप बिल्डरला फोन करतात. आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एकाला पुनर्विकास हवा आहे, दुसऱ्याला दुरुस्ती. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानं पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते, आणि आमच्याकडे कागद नेमका त्या आकड्याच्या उंबऱ्यावर अडकला होता. चेअरमन दुरुस्तीवाले. सभा आठवड्यावर आलेली.

मिसेसनी टिश्यू उलगडला. बशीत चार मजली इमारत होती. प्रत्येक खिडकीला ग्रिल. वरून वीज पडत होती, गच्चीवरून काळी टाकी उडत होती आणि दोन माणसं डोक्यावर खाली येत होती. एकाला मी, केवळ तोंड न जमल्यामुळे, चष्मा घातला होता. चेअरमनना चष्मा आहे.

"ही आपली बिल्डिंग का हो?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणेपर्यंत बी विंगच्या सुनेनं बशी हातात घेतली. "काकू, तुम्ही टॉवर दिलात?" तिच्या आवाजात व्यावसायिक काळजी होती. "डेकमधलं सगळ्यात वाईट कार्ड आहे हे. डेथपेक्षाही. सडन कोलॅप्स." कोलॅप्स म्हणजे काय, हे सी-2बी इमारतीत कुणाला विचारावं लागत नाही.

नऊच्या आत बशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता. पुनर्विकासवाल्यांनी लिहिलं, आता तरी डोळे उघडा. दुरुस्तीवाल्यांनी लिहिलं, बिल्डरकडून किती घेतले ते विचारा. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, जे ग्रुपवर फक्त सुप्रभात लिहितात, त्यांनी तेवढ्यातही सुप्रभात लिहिलं. मी 'ही बशी इटलीतल्या पंधराव्या शतकातल्या' असा मोठा खुलासा टाइप केला. आमच्या ह्यांनी माझ्या हातून फोन काढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात आल्या. त्यांना बारा नंबर निघाला होता, एका पायानं उलटा टांगलेला माणूस. मूळ चित्रात त्याच्या डोक्याभोवती तेज असतं, चेहरा शांत असतो. माझ्याकडे पायाचा दोर जाड झाला आणि लाकडाचा खांब गाडीच्या दारातला झाला. आदल्या रात्री त्या स्वतःच हसल्या होत्या, हा दिवा स्टेशनला चढलेला दिसतो म्हणून. आता बशी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. "रागावू नका हं. घरात नको वाटतं." त्यांचा मुलगा सकाळच्या फास्टनं लोअर परळला जातो. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं गाडीतून पडली तेव्हा त्याचा फोन लागत नव्हता. मी बशी घेतली आणि त्यांना चहाला बसवलं. टॅरोबद्दल एक अक्षर बोलले नाही.

सभा झाली. बिल्डर निवडीच्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी असतो आणि सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करावं लागतं. त्यामुळे पुढचं सगळं सरकारदरबारी जमा आहे. चेअरमननी विषयपत्रिका बाजूला ठेवून माझी बशी टेबलावर मांडली आणि सभासदांच्या मनात भीती घालण्याचा हा प्रकार असल्याचं निवेदन केलं. एका सभासदानं मुद्दा काढला की बशीची नोंद इतिवृत्तात घ्यायची असेल तर ती कोणत्या विषयाखाली घेणार. 'अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय' असं उत्तर मिळालं. प्रतिनिधी साहेबांनी बशी उचलून नीट पाहिली, उलटी केली, खाली माझी सही वाचली आणि विचारलं, "ही टाकी का उडतेय?" मी उभी राहून सांगितलं की तो मुकुट आहे. कॅमेरा माझ्याकडे वळला. सासूबाईंना मी नंतर ते चित्रीकरण बघू दिलं नाही, पण त्यांनी ते बघितलं.

मतदान पुढे ढकललं गेलं. दोन्ही पक्षांनी त्याचं खापर बशीवर फोडलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचं एवढं एकमत झालं नव्हतं.

त्या रात्री मी ठरवलं की कपाटातला मृत्यू आजच्या आज कचऱ्याच्या गाडीत गेला पाहिजे. मनोऱ्यानं हे केलं, तर तेरा नंबर काय करील? साड्या बाजूला केल्या. बशी नव्हती. सगळं कपाट बाहेर काढलं. मग सासूबाईंना विचारलं.

"तो घोडेवालो?" त्या माळ ओढत म्हणाल्या. "तळमजल्यावरच्या आजींक दिलंय."

त्याचीही एक हकीकत आहे. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यावर सरकारनं परिपत्रक काढलं. आमच्या घरात परिपत्रकांना मान आहे. तेव्हापासून सासूबाई हळदीकुंकवाला आत न बसता बाहेर बसतात, आणि यंदा त्यांनी परस्पर तळमजल्यावरच्या आजींनाही बोलावलं. आजी सावकाश जिना चढून आल्या तेव्हा परडी रिकामी झाली होती. सासूबाईंनी घरात शोधाशोध केली आणि साड्यांमागे एक बशी सापडली. सून विसरभोळी आहे, एवढाच त्यांनी अर्थ काढला.

म्हणजे ऐंशीच्या पुढच्या, दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलेल्या बाईला मी वाणात मृत्यू दिला होता.

चपला न घालता खाली गेले. आजींनी दार उघडलं आणि हाताला धरून थेट देवघरापाशी नेलं. बशी देवघरात, मधोमध, टाकांच्या पुढ्यात होती. तिच्यात भंडारा भरलेला होता.

"माझ्या कुळदैवताचं तुला कसं गं कळलं?" त्यांनी विचारलं. "मी कुणाला बोलले नव्हते."

मी वाकून बशी पाहिली. टॅरोच्या तेराव्या पत्त्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा असतो, अंगात काळं चिलखत, हातात पांढऱ्या गुलाबाचा काळा झेंडा. घोड्याच्या पायाशी एक राजा मरून पडलेला. समोर पिवळा झगा घातलेला बिशप हात जोडून उभा. बाजूला गुडघ्यावर बसलेली, तोंड फिरवलेली तरुणी, आणि एक मूल. मागे दोन मनोऱ्यांच्या मधून उगवणारा सूर्य. कवटी मला जमली नव्हती. दातांच्या जागी मारलेल्या रेघा भाजणीत पसरल्या आणि त्यांची झुबकेदार मिशी झाली. काळ्या झेंड्याला लोहाची चकाकी होती. ती जाड बसली तर काळी राहते, पातळ बसली तर तपकिरी-पिवळी निघते. माझी पातळ बसली होती. झेंडा पार हळदुला झाला होता आणि त्यावरचं गुलाबाचं फूल विरघळून गेलं होतं.

आजी बोट ठेवून मलाच समजावत होत्या. पांढऱ्या घोड्यावर मल्हारी. घोड्याखाली पडलेला मणी दैत्य. समोर पिवळ्या कपड्यात हात जोडून उभा तो वाघ्या. "ही म्हाळसा. तोंड फिरवून बसलीय बघ. बाणाईवरून रुसलीय. बरोबर काढलंस." मागच्या दोन मनोऱ्यांना त्यांनी जेजुरीच्या दीपमाळा म्हटलं. सूर्याबद्दल काही म्हणण्याची गरजच नव्हती.

मी तोंड उघडलं. विमा कंपनीत आम्हाला शिकवलं होतं की ग्राहकापासून कुठलीही महत्त्वाची माहिती दडवायची नाही. पण आजींनी माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि मी सगळं गिळून टाकलं. चुकीचं वाटलं असेल त्यांनी मला खुशाल तक्रार क्रमांक विचारावा.

"एकच राहिलं गं," त्या म्हणाल्या. "कुत्रा नाही काढलास. देवाबरोबर कुत्रा असतो."

वर आल्यावर लेकीला फोन केला. ती आधी पोट धरून हसली, मग गंभीर होऊन म्हणाली की टेक्निकली आजींचं रीडिंग चुकीचं नाही. दैत्य संपतो, काहीतरी नवं उगवतं. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी आपली उदबत्तीची राख पाडायला माझ्याकडे बशी मागितली. देवघरात चिनीमाती चालत नाही, याची आठवण मी करून दिली नाही. त्यांना रथ करून दिला. त्यात त्यांना कुणी दिसतं का, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आजींचं भजनी मंडळ आहे. मंडळाच्या बायका त्यांच्याकडे जमल्या, बशी हातोहात फिरली आणि सोमवती अमावास्येला जेजुरीला जायच्या आधी प्रत्येकीला एकेक हवी, असा निरोप आला. किंमत विचारली. मी खर्चाचा आकडा सांगितला. दीडशेला देत असशील तर सगळ्या घेऊ, म्हणाल्या. देवाच्या कामात नफा बघायचा नसतो, आणि तोटा आजवर मला नवा नाही. सूचनांचा कागद सोबत होता. कुत्रा हवा. म्हाळसा थोडी आपल्याकडे वळवावी, देवळात जाताना रुसवा बरा दिसत नाही. दैत्य एकच दिसतोय, मल्लही घालावा. वाघ्याच्या डोक्यावरची टोपी फार उंच झाली आहे.

कुत्रा मी चंद्राच्या पत्त्यावरून उचलला. म्हाळसा वळवली. मल्ल घातला, त्यामुळे घोड्याला एक पाय कमी पडला. बिशपची टोपी उतरवली. शिकवणाऱ्या मुलीनं सगळ्या बशा ओळीनं बघितल्या आणि पहिल्यांदाच काही न बोलता भट्टीत लावल्या. आजींनी शेवटी एवढंच बजावलं होतं की बाकी काय हवं ते बदल, झेंड्याचा तो पिवळा रंग तेवढा तस्साच येऊ दे.

काल भट्टी उघडली. सगळे झेंडे ठार काळे आलेत.